त्यांचं बरं की आपलं बरं? दोन भागांची तुलना कशी करायची



या महिन्याचा अभ्यासपाठ एका वादातून निघाला आहे, म्हणून आधी तो वाद सांगते.

मागच्या महिन्यात पेठला संघाची बैठक होती. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, ‘थकीत हप्ते व दंड’. पश्चिमेकडच्या डोंगरी भागातल्या काही गटांचे पावसाळ्यातले हप्ते थकले होते. कालव्याच्या गावातली एक ताई म्हणाली, “नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. आम्ही काय बसून खातो का? त्या भागाला तर रेशन आहे, घरकुल आहे, आश्रमशाळा आहे. मग हप्ता का थकतो?”

डोंगरातून आलेल्या एक मावशी मागं बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, “ताई, तुमच्या रानातलं पाणी आमच्या गावावरनं आलंय. आमची गावं बुडाली तवा तुमची टोमॅटो पिकली. तीच टोमॅटो तोडायला आम्ही खाली येतो. आन् तुम्ही इचारता हप्ता का थकतो?”

तेवढ्यात पेठेचीच एक वहिनी बोलली, “तुम्हा दोघींना काहीतरी आहे. आमच्या पठारावर ना कालवा, ना योजना. आमचं कोण बघतं?”

अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. दंड लावायचा की नाही, हे अजून ठरायचं आहे. पण ठरवण्याआधी एक गोष्ट शिकून घ्यायला हवी. दोन भागांतलं जगणं एकमेकांशेजारी ठेवून बघायचं कसं? नुसतं “तुमचं बरं, आमचं वाईट” म्हणून ते कळत नाही. म्हणून हा पाठ गटात बसून, सावकाश, मोठ्यानं वाचा.

१. राहणीमान वेगळं, जगण्याचा दर्जा वेगळा

घरात काय काय आहे, हे झालं राहणीमान. पक्कं घर, गॅस, फ्रीज, दुचाकी. आणि त्या घरातल्या बाईचा दिवस कसा जातो, हा झाला जगण्याचा दर्जा. किती वाजता उठते, पाण्याला किती वेळ जातो, आजारी पडली तर दवाखान्यात कधी पोचते, पोरगी कितवीपर्यंत शिकते, संध्याकाळी एकटी बाहेर पडू शकते का, हातातल्या पैशाचा निर्णय कोण घेतं.

जगभरातल्या अभ्यासकांनाही हे उशिरा उमगलं. पूर्वी देश मोजायचे ते फक्त पैशावर. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं पहिला मानव विकास अहवाल काढला. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचा त्यात पुढाकार होता आणि आपले अमर्त्य सेन त्यांच्या सोबतीला होते. त्यांनी तीन गोष्टी एकत्र धरल्या: माणूस किती वर्षं जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो. त्यावरून शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा काढतात. त्याला मानव विकास निर्देशांक म्हणतात. आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी त्या भागाची स्थिती चांगली.

पैसा असला की बाकी सगळं आपोआप येतं, असं नाही. केरळ राज्य बघा. २०२० च्या सरकारी नोंदणीनुसार तिथं जन्मलेल्या दर हजार बाळांमागं ६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा १६ होता, देशाचा २८. एवढे कारखाने, एवढी शहरं आपल्याकडं असूनही हा फरक आहे. केरळात मुलींचं शिक्षण आणि गावातला दवाखाना यांकडं कितीतरी आधीपासून लक्ष दिलं गेलं, त्याचं हे फळ.

२. सरासरी काय काय झाकते

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात पुणे जिल्ह्याचा आकडा ०.८१४ आहे. मुंबईच्या खालोखाल आपला नंबर. सगळ्यात खाली नंदुरबार, ०.६०४. म्हणजे कागदावर आपण पुढारलेल्या जिल्ह्यातल्या बाया.

पण हिशोब लिहिणाऱ्या सखीला एक विचारा. दहा जणींचा गट आहे. एकीनं १,००० रुपये बचत भरली, बाकी नऊ जणींनी शंभर-शंभर. एकूण झाले १,९००. सरासरी निघाली १९० रुपये. आता सांगा, १९० रुपये नक्की कुणी भरले? एकीनंही नाही!

जिल्ह्याचा आकडा असाच असतो. पुणे जिल्ह्यात हिंजवडीचे संगणकवाले आहेत, चाकणचे कारखाने आहेत आणि कोकणकड्याच्या काठावर बसलेलं आहुपेही आहे. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की आहुप्याची बाई कागदावरून नाहीशी होते.

सरकारलाही या अडचणीला तोंड द्यावं लागलं. महाराष्ट्राच्या कोणत्या भागाचा किती विकास राहिला, म्हणजे ‘अनुशेष’ किती, हे मोजायला वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९८४ साली आला. त्या समितीनं जिल्हा हे माप धरलं. पुढं विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हे माप धरायला सांगितलं, कारण पुढारलेल्या जिल्ह्यातही मागं पडलेले तालुके असतात.

आपण आणखी एक पायरी खाली उतरू. आंबेगाव आणि जुन्नर हे दोन तालुके घ्या. तालुका एक असला तरी जगणं एक आहे का?

३. एकाच तालुक्यातले वेगवेगळे मुलूख

*पश्चिम भाग.* भीमाशंकर, आहुपे, माळीण, पाटण, तिकडं जुन्नरचा हातवीज, इंगळूनचा डोंगरी पट्टा. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि इतर आदिवासी समाजाची. पाऊस प्रचंड. भात, नाचणी, वरई, आणि रानातून हिरडा. पण जमीन उताराची, पाणी थांबत नाही. दिवाळीपर्यंत ओढे वाहतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण तिथल्या बायांना कुणी शिकवायला नको.

पाऊस कधी जीवावरही उठतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर खचला आणि १५१ माणसं गेली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की डोंगराखालच्या वस्त्यांत रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ही भीती कोणत्या निर्देशांकात बसते?

*पूर्व भाग.* मंचर, अवसरी, निरगुडसर, पारगाव, तिकडं नारायणगाव, ओतूर. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षं. भीमाशंकर आणि विघ्नहर हे दोन साखर कारखाने. मंचरची आणि नारायणगावची बाजारपेठ. रस्ता हाकेवर, दवाखाना जवळ, शाळा-कॉलेज जवळ. घरं पक्की. पण सगळीकडं हेही नाही. पूर्वेच्याच लोणी-धामणी पट्ट्यात जाऊन बघा, तिथं पाण्यासाठी वर्षानुवर्षं मागणी चालू आहे.

*मधला भाग.* आपलं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव, कोल्हारवाडी, कारेगाव, पारगाव. पावसावरचा बटाटा ही आपली ओळख. पाऊस वेळेवर पडला तर वर्ष निघतं, नाही तर बेण्याचे पैसेसुद्धा अंगावर येतात. कळमोडीच्या पाण्याची वाट बघण्यात एक पिढी म्हातारी झाली. महामार्ग दारातून जातो, म्हणून बाहेरच्याला वाटतं पेठवाले सुखी. वहिनी बैठकीत बोलली ते खोटं नव्हतं.

४. हे भाग एकमेकांना बांधलेले आहेत

बैठकीत मावशी म्हणाल्या, “पाणी आमच्या गावावरनं आलंय.” हे रागाच्या भरातलं बोलणं नाही, ही नोंद आहे.

कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाचही आपल्या दोन तालुक्यांत. त्यांचं पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूरला मिळतंच, शिवाय पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि पार करमाळ्यापर्यंत जातं. घोड नदीवरच्या डिंभे धरणात, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागरात, ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगावच बुडालं. त्याच्यासोबत काठावरच्या आदिवासी वाड्यांची भातखाचरं गेली. उरलेल्यांपैकी काहींनी उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात पेर करायला सुरुवात केली. त्या गाळपेरीच्या आणि धरणातल्या मासेमारीच्या हक्कासाठी कुसुम कर्णिक, आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेबरोबर लोकांनी वर्षानुवर्षं झगडा केला.

आता साखळी बघा. डोंगरावर पाऊस पडतो. तो डोंगरातल्याच धरणात साठतो. कालव्यानं पूर्वेला जातो. तिथं बागायत होते. बागायतीला मजूर लागतात. ते मजूर डोंगरातून येतात. सकाळी नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो, तिथं उभ्या राहणाऱ्या कितीतरी बाया पश्चिम भागातल्याच असतात.

म्हणजे एका भागाचं ‘बरं’ हे दुसऱ्या भागाच्या पाण्यावर आणि हातांवर उभं आहे. म्हणून तुलना करताना ‘आपण जास्त कष्टाळू, त्या आळशी’ किंवा ‘त्या लबाड, आपण भोळ्या’ असं म्हणणं चूक आहे.

५. बाईचे तास मोजा

पैशानं मोजलं तर डोंगरातली बाई मागं दिसते. पण किती मागं, आणि का, हे कळायचं तर तिचे तास मोजायला हवेत. एक हिशोब फळ्यावर मांडा.

समजा उन्हाळ्यात झऱ्यावर जाऊन-येऊन, नंबर लावून, एका खेपेला पाऊण तास लागतो. दिवसाला चार खेपा, म्हणजे तीन तास. मार्च ते मे असे ९० दिवस धरले तर २७० तास झाले. मजुरीचा दिवस आठ तासांचा धरला तर हे होतात जवळजवळ ३४ रोज. रोज ३०० रुपयांचा धरा. ३४ गुणिले ३०० किती? १०,२०० रुपये.

आता ज्या घरात नळ आहे त्या घरातल्या सखीनं मनाला विचारावं, माझा वर्षाचा हप्ता किती? डोंगरातल्या बाईचा त्याहून मोठा हप्ता आधीच पाण्यात गेलेला असतो. तो कुठल्या पासबुकात दिसत नाही, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

पण थांबा. पूर्वेच्या ताईचेही तास मोजा, नाही तर आपणही एकतर्फी होऊ.

शेतीची वीज कितीदा रात्रीची येते. उसाला पाणी धरायला रात्री जावं लागतं. उसात बिबट्या राहतो, तिथंच त्याची पिल्लं होतात. जुन्नर वनविभागात बिबट्याचे हल्ले इतके वाढले की माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावं लागतं. अंधार पडला की लेकरांना घरात कोंडायचं, गोठ्यात दहादा डोकवायचं. संध्याकाळच्या गटाच्या बैठकीला बाई येत नाही, तेव्हा आपण ‘गैरहजर’ लिहितो, पण कारण लिहीत नाही. टोमॅटोचा भाव पडला की तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. घर पक्कं असतं, पण कर्जही पक्कं असतं. सातबारा नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर आणि कारखान्याचं बिल त्यांच्याच खात्यात. दिवसभर रानात राबणाऱ्या त्या ताईच्या हातात किती पडतं?

आणखी एक आकडा मुद्दाम सांगते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागं पुणे जिल्ह्यात ८८३ मुली होत्या. नंदुरबारला ९४४. निर्देशांकात सगळ्यात खालचा जिल्हा, पण मुलीचा जन्म तिथं जास्त सुरक्षित. मग पुढारलेलं कोण म्हणायचं?

६. तुलनेसाठी सात प्रश्न

प्रत्येक गटानं हे सात प्रश्न आपल्या वस्तीसाठी सोडवायचे. अंदाजे नाही, विचारून आणि मोजून.

१. पाणी: उन्हाळ्यात दिवसाला किती तास जातात? पावसाळ्यात किती? वर्षातले किती दिवस टँकरवर?

२. दवाखाना: रात्री दोन वाजता बाळंतकळा सुरू झाल्या तर दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल? गाडी कुणाची? पावसाळ्यात रस्ता चालू असतो का?

३. शाळा: मुलगी दहावीपर्यंत घरी राहून शिकू शकते का? एसटी किती वाजता येते? गेल्या पाच वर्षांत किती मुलींची शाळा सुटली आणि कोणत्या इयत्तेत?

४. रोजगार: वर्षातले किती महिने गावात काम मिळतं? किती महिने बाहेर जावं लागतं? बाई आणि गडी यांच्या रोजात फरक किती?

५. ताट: वर्षातल्या कोणत्या महिन्यात घरचं धान्य संपतं? त्या महिन्यात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?

६. भीती: रात्री कशाची भीती वाटते? दरड, बिबट्या, दारू, सावकार? मोकळेपणानं लिहा.

७. सत्ता: जमिनीवर किती बायांचं नाव आहे? बँकेचं खातं कोण चालवतं? ग्रामसभेत गेल्या वर्षी किती बाया बोलल्या?

मोजताना चार चुका टाळा. एक, एकाच ऋतूत मोजू नका; डोंगर पावसाळ्यात हिरवागार दिसतो म्हणून तिथं पाणी आहे असं होत नाही. दोन, फक्त सरपंच आणि कर्त्या पुरुषाला विचारू नका. पाण्याचे तास हंडा उचलणारीलाच माहीत असतात. तीन, गावठाणात मोजून गावाचा आकडा लिहू नका. ठाकरवाडी, लांबची वस्ती, एकटी राहणारी विधवा सुटता कामा नये. चार, सरकारनं काय दिलं एवढंच मोजू नका. काय घेतलं, काय बुडालं तेही लिहा.

७. या मोजणीचा उपयोग काय

पहिला उपयोग आपल्याच संघात. पुढच्या बैठकीत हप्त्याचा नियम ठरायचा आहे. माझं मत सांगते, तुम्ही तुमचं मांडा.

नियम सगळ्यांना सारखा म्हणजे तारीख सगळ्यांना सारखी, असं का धरायचं? डोंगरातल्या घरात पैसा येतो तो उन्हाळ्यात हिरडा विकल्यावर, आणि दिवाळीनंतर भात झोडून झाल्यावर बाया रोजानं खाली आल्या की. आषाढ-श्रावणात घरची लावणी असते, रोजाचा पैसा नसतो. आपल्या पठारावर जून-जुलैत बटाट्याचं बेणं, खत यांत हात अडकतो आणि दसरा-दिवाळीला माल निघतो तेव्हा सुटतो. पूर्वेला उसाचं बिल आल्यावर पैसा, नाही तर टोमॅटोचा भाव लागला तर. म्हणजे प्रत्येक भागाला ओढाताणीचे महिने आहेत, फक्त ते वेगवेगळे आहेत.

मग प्रत्येक गटानं वर्षाच्या सुरुवातीलाच आपलं हप्त्याचं वेळापत्रक लिहून द्यावं. ओढीच्या तीन महिन्यांत लहान हप्ता, हंगामाच्या महिन्यांत मोठा. वर्षाची रक्कम सगळ्यांना सारख्याच नियमानं, व्याजदर तोच, सूट कुणालाच नाही. आपण दिलेलं वेळापत्रक मोडलं तर दंड मात्र सगळ्यांना. यात दया नाही आणि कुणाचे लाडही नाहीत. एक अडचण येईल: आषाढ-श्रावणात संघाकडं येणारी रक्कम कमी होईल, म्हणून त्या महिन्यांत नवीन कर्जवाटप जपून करावं लागेल. तो हिशोब लिपिकाताईंनी बैठकीआधी करून आणावा.

दुसरा उपयोग ग्रामसभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. तिथं हे सात उत्तरांचे कागद मांडा आणि ठरावात लिहून घ्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ते जाईल. “पाण्याची सोय करा” असं म्हटलं की “बघू” म्हणतात. “आमच्या वस्तीतल्या ४० बाया उन्हाळ्यात रोज तीन-तीन तास पाण्यात घालवतात” असं लिहून दिलं की उत्तर द्यावं लागतं. पश्चिमेकडची जी गावं पेसा कायद्याखाली येतात, त्यांच्या ग्रामपंचायतींना पेसाचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. त्या गावातल्या सख्यांनी तर मोजणीचा कागद घेतल्याशिवाय ग्रामसभेला जाऊच नये.

तिसरा उपयोग मनासाठी. बैठक संपल्यावर मी बघितलं, कालव्याच्या गावची ती ताई आणि डोंगरातल्या मावशी एसटीच्या थांब्यावर एकाच कट्ट्यावर बसल्या होत्या. ताई विचारत होती, “मावशी, खरंच चार खेपा करता?” आणि मावशी विचारत होत्या, “तुमच्याकडं खरंच वाघरू अंगणात येतं का गं?”

हे दोन प्रश्न आधी विचारले असते तर वाद झालाच नसता.

गटात चर्चा करा

• आपल्या वस्तीत कोणत्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त ओढ असते? का?

• वरचा पाण्याचा हिशोब आपल्या आकड्यांनी मांडा. किती रोज झाले?

• दुसऱ्या भागातल्या गटाला विचारायचे तीन प्रश्न ठरवा आणि पुढच्या बैठकीत प्रत्यक्ष विचारा.

• हप्त्याचं वेळापत्रक गटागणिक वेगळं असावं का? बाजूनं आणि विरोधात, दोन्हीकडून बोला. ठरेल ते इतिवृत्तात लिहा.

सात प्रश्नांची उत्तरं वहीच्या एका पानावर लिहून, गटाचं नाव घालून, पुढच्या बैठकीला घेऊन या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं. पान कोरं मात्र आणू नका.